सही अडली तरी दावा अडत नाही



‘नवरा घटस्फोटाला सही देत नाही, वकिलाला पैसे नाहीत, मग बाईने करायचे काय?’ हा गेल्या आठवड्यातील पत्राचा हताश सूर मला मान्य नाही. आपल्याकडे कितीतरी जणी या एका सहीपायी माहेरी ताटकळत राहतात, म्हणून हे लिहिणे भाग आहे. दोघांची संमती लागते ती हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालील अर्जाला. छळ किंवा सलग दोन वर्षे टाकून देणे, अशा कारणांवर कलम १३ खाली एकटीलाही दावा करता येतो. नवरा मुंबईत असला तरी २००३ च्या दुरुस्तीमुळे रत्नागिरीत राहणारी पत्नी इथेच अर्ज करू शकते. तो समन्स चुकवत असेल, तर न्यायालय वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगू शकते. तरीही आला नाही, तर एकतर्फी सुनावणी होते. पुरावा मात्र तेव्हाही द्यावाच लागतो. कलम २४ नुसार दाव्याचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो.

स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, पण मुलांच्या ताब्याचा प्रश्न असेल तर एकटीने लढू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. भगिनींनो, आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

— एक वाचक, रत्नागिरी