रिकाम्या जागेतला न्याय

'कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मराठीच्या प्रश्नपत्रिकेत इतका रुळला आहे की त्याच्याकडे थांबून पाहावे असे कोणाला वाटत नाही. एक गुण, एक शब्द, काम संपले. आमच्या मते मात्र भाषाशिक्षणातला सर्वांत गंभीर प्रश्न याच रिकाम्या जागेत दडलेला आहे. शब्द 'योग्य' कशाने ठरतो, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

याचे भान आम्हांला एका चुकीतून आले, आणि चूक आमचीच होती. अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही एक वाक्य घातले होते : 'संध्याकाळी त्याने बैलांना वैरण ____.' पर्याय होते घातली, टाकली, वाढली, ओतली. आमच्या लेखी उत्तर एकच, 'घातली'. 'टाकली' लिहिणाऱ्यांना आम्ही शून्य दिले. टाकणे म्हणजे फेकणे, त्यात बेपर्वाई आली, असा आमचा तर्क. वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थी उत्तरपत्रिका घेऊन आला आणि संकोचत म्हणाला, "सर, आमच्याकडं वैरण टाकतातच." त्याच्या घरी गोठा होता. आमच्या घरी कधीच नव्हता. ज्या संदर्भाच्या आधारे शब्द निवडायचा, तो संदर्भ त्याच्यापाशी होता आणि गुण देण्याचा अधिकार आमच्यापाशी.

संदर्भावरून अर्थ ठरवण्याचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे : संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल इत्यादी. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त तिचा आधार घेतला. 'हरि' म्हणजे विष्णू, इंद्र, सिंह, वानर, घोडा यांपैकी काहीही. पण शंखचक्र जोडीला आले की तो विष्णूच. लक्ष्मणासोबतचा राम दाशरथी, आणि कार्तवीर्य अर्जुनाच्या विरोधात उभा असलेला राम म्हणजे परशुराम. 'सैंधव आण' असे जेवताना म्हटले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. वाचक या वाटेने शब्दाकडून अर्थाकडे जातो. लिहिणारा उलट दिशेने, अर्थाकडून शब्दाकडे येतो. वाट एकच आहे. म्हणूनच या यादीतल्या देश आणि काल या दोन खुणा आम्हांला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण प्रश्नपत्रिकेतल्या एकाकी वाक्याला नेमके तेवढेच नसतात.

संदर्भ पुरेसा असेल तर मराठी किती काटेकोर होते, हे मृत्यूविषयीच्या शब्दांत पाहावे. पुराच्या पाण्यात म्हशी 'दगावतात'. त्या 'निवर्तत' नाहीत. दगावणे हे क्रियापद जनावर, तान्हे मूल, उपचाराखालचा रुग्ण यांच्याविषयी येते. कोणीतरी जपत होते आणि ते हातचे गेले, ही हळहळ त्यात आहे. 'ठार' होण्याला आघात लागतो. अंथरुणाला खिळलेला वृद्ध ठार होत नाही. घरातले वडीलधारे 'वारतात' किंवा नुसते 'जातात'. वर्तमानपत्रात त्यांचे 'निधन' होते. आणि 'मेला' हा शब्द? तो तुच्छतेचा असू शकतो, पण जुन्या वळणाच्या आजीच्या तोंडी 'मेल्या, जेवलास का?' यात मरणाचा मागमूस नसतो, असते ती माया. या सर्व शब्दांना कोशात 'मरणे' हा एकच अर्थ देऊन भागत नाही. समानार्थी शब्दांच्या जोड्या पाठ करून घेणारे शिक्षण म्हणूनच अपुरे पडते : ते शब्दांतले साम्य शिकवते, निवड मात्र भेदावर चालते.

कधी कधी तर व्युत्पत्ती आणि संदर्भ यांचेच भांडण जुंपते. 'अपरोक्ष' याचा मूळ अर्थ प्रत्यक्ष, डोळ्यांआड नसलेले. वेदान्तातली 'अपरोक्षानुभूती' म्हणजे साक्षात अनुभव. पण 'माझ्या अपरोक्ष हा निर्णय झाला' असे आज कोणी म्हणाले तर ते 'माझ्यामागे' असेच सांगत असतात. शुद्धतेचा आग्रही शिक्षक येथे लाल रेघ ओढतो. आम्ही स्वतः लिहिताना हा वापर टाळतो. परंतु वाचताना मूळ अर्थ धरून बसलो, तर वाक्याचा नेमका उलटा अर्थ पदरी पडेल. जो विद्यार्थी दोन्ही अर्थ जाणतो आणि कोठे कोणता लागू आहे हे आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखतो, तोच जुने आणि नवे दोन्ही मराठी वाचू शकतो.

यावर आक्षेप येईल की मग काहीही चालेल. प्रत्येक उत्तराला कोठला तरी गाव सापडेल. तसे नाही. वैरण 'ओतली' हे उत्तर चूकच आहे, कारण ओतायला प्रवाही पदार्थ वा दाणे लागतात; वैरणीच्या पेंढ्या ओतता येत नाहीत. 'वाढली' हेही साध्या कथनात बसणार नाही. मात्र बैलांना लेकरांसारखे जपणाऱ्या शेतकऱ्याच्या कथेत तोच शब्द सर्वांत अचूक ठरेल. संदर्भ शब्दाला मोकळे सोडत नाही, उलट अधिक बांधून घेतो. फक्त तो संदर्भ परीक्षकाच्या मनात लपलेला नसावा, कागदावर असावा.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. सुट्या वाक्याऐवजी निदान चार-पाच ओळींचा उतारा द्यावा. उत्तरासोबत 'हाच शब्द का?' याचे एका वाक्यात कारण मागावे आणि अर्धा गुण त्या कारणाला ठेवावा. तपासताना शंका आली तर कोश उघडावा. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या 1932 ते 1938 या काळात निघालेल्या सात खंडांत अनेक शब्दांपुढे कोकण, गोवा, वऱ्हाड, खानदेश अशा प्रदेशांच्या खुणा आहेत. त्या संपादकांनी जी जागा बोलींना दिली, ती आपण उत्तरपत्रिकेत नाकारावी हे शोभत नाही.

त्या विद्यार्थ्याचा गुण आम्ही वाढवून दिला. परंतु त्याच्या आधी ज्यांनी 'टाकली' लिहिले आणि विचारायला न येता आपलीच भाषा चुकीची आहे असे समजून घेतले, ते किती होते हे आम्हांला कधीच कळणार नाही.