एपी, आयबी की कॉलेजचा वर्ग?



दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, यावर या पानात आम्ही दरवर्षी निकालाच्या सुमारास लिहितो. अलीकडे त्यावर येणाऱ्या पत्रांत एक नवा गठ्ठा तयार झाला आहे. तो परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांचा. नवरा कामधंद्यानिमित्त अमेरिकेत, मुलं तिथल्या सरकारी शाळेत, आणि आईचं शिक्षण झालेलं रत्नागिरी-रायगडच्या उर्दू शाळेत. मुलगी दहावीला पोहोचली की हिवाळ्यात शाळेतून पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म येतो. त्यावर एपी, आयबी, ड्युअल क्रेडिट असे शब्द. मुलगी म्हणते, "अम्मी, इथे सही कर." अम्मी विचारते, "पण हे आहे काय?" मुलीलाही नीट सांगता येत नाही.

यंदा असाच प्रश्न शिकागोहून आला. पाठवणारी आमच्याच हाताखाली शिकलेली. तिचे मियां गोदामात रात्रपाळी करतात. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. शाळेत तिन्ही सोयी आहेत आणि समुपदेशक बाईंनी सांगितलं की तिन्ही चांगल्या, तुम्हीच ठरवा. आपल्याकडे गुण बघून शाळाच सांगते की हिला हे द्या. त्यामुळे या 'तुम्हीच ठरवा'नेच बिचारीची झोप उडाली. तिने एका वाक्यात विचारलं, "या तिघांत मोठं कोणतं?"

प्रश्न अस्सल आपला आहे. सायन्स मोठं, कॉमर्स मधलं, आर्ट्स धाकटं, ही उतरंड आपल्या घरांत इतकी पक्की बसली आहे की अमेरिकेत जाऊनही ती सुटत नाही. पण या तीन सोयींना ती लावता येत नाही. तिथे आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. मुलगी पुढे कोणत्या कॉलेजात जाण्याची शक्यता आहे? आणि फी कोण भरणार? याचं उत्तर घरात झाल्याशिवाय त्या फॉर्मवर सही करू नये, असं आमचं मत आहे.

त्याचं कारण तिथल्या पदवीच्या हिशोबात आहे. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिटांची असते, आणि बहुतेक विषयांना तीन किंवा चार क्रेडिटं असतात. वर्षाला ३० धरली तर चार वर्षं. शाळेत असतानाच काही क्रेडिटं पदरात पडली तर तेवढे विषय कॉलेजात घ्यावे लागत नाहीत आणि तेवढी फी वाचते. लोक या वर्गांमागे धावतात ते म्हणूनच. मात्र क्रेडिट देणं-न देणं हे ज्या कॉलेजात मूल जाणार, त्या कॉलेजाच्या हाती असतं. शाळा कितीही कौतुक करो, समोरच्या कॉलेजाने मानलं नाही तर पैशाच्या हिशोबात त्याची किंमत शून्य. आपण अभ्यास वाया गेला असं म्हणणार नाही, शिकलेलं कुठे जात नाही. पण रात्रपाळीच्या पगारातून फी भरणाऱ्या बापाला हा फरक कळायला हवा.

आता एकेक पाहू. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड नावाची संस्था हे चालवते. पहिल्या परीक्षा १९५६ साली झाल्या. यात विषय सुटा सुटा घेता येतो. मुलीला रसायनशास्त्र आवडतं तर तेवढंच घ्या, इतिहास नको तर नको. वर्षभर शाळेतले शिक्षक शिकवतात आणि मे महिन्यात सगळीकडे एकच परीक्षा होते. गुण १ ते ५. एका परीक्षेची फी सुमारे १०० डॉलर, मात्र कमी उत्पन्नाच्या घरांना त्यात सवलत मिळते. ती आपोआप मिळेल म्हणून बसू नका, शाळेत विचारा. आपली माणसं सवलत मागायला लाजतात आणि मग घरात काटकसर करत बसतात.

इलिनॉय राज्यात, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, कायदाच आहे की एपीत ३ किंवा जास्त गुण मिळाले तर राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी आणि कम्युनिटी कॉलेजांनी क्रेडिट द्यायचं. २०१६-१७ पासून हे लागू आहे. खासगी विद्यापीठांना तो लागू नाही. इथे नावांचा एक घोळ आहे, तो लक्षात ठेवा. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो खासगी आहे आणि युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो सरकारी. नातेवाइकांच्या गप्पांत दोन्ही 'शिकागो युनिव्हर्सिटी' होऊन जातात, आणि कोणाच्या तरी मुलाचा अनुभव भलत्याच विद्यापीठाच्या नावावर सांगितला जातो. राज्याबाहेर गेलं तर नियम आणखी बदलतात. डार्टमथ कॉलेजने २०१४ पासून आत आलेल्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी एपीचं क्रेडिट देणं बंद केलं. कॅलटेकही देत नाही.

आणि क्रेडिट मिळालं तरी 'कशाचं?' हे विचारावं. जीवशास्त्राच्या परीक्षेचं क्रेडिट कधी पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राऐवजी धरतात, तर कधी नुसतं 'ऐच्छिक' म्हणून खात्यात टाकतात. दुसऱ्या प्रकारात जीवशास्त्र पुन्हा घ्यावंच लागतं. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर याचा तक्ता असतो: विषय, गुण, त्याबदल्यात काय. तो तक्ता उघडायला मुलीलाच बसवावं आणि शेजारी आपण बसावं. इंग्रजी कमी असलं तरी आकडे कळतात.

आयबी हे निराळं प्रकरण आहे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांत ती आहे, मुळशीजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज तर तिच्यावरच चालतं. त्यामुळे आयबी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाखांची फी येते. शिकागोत मात्र हीच आयबी कितीतरी सरकारी शाळांत आहे, अगदी साध्या वस्तीतल्याही. २०१२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या साध्या वस्तीतल्या शाळांमधल्या आयबीच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा तशाच इतर मुलांच्या तुलनेत ही मुलं चार वर्षांच्या कॉलेजात जास्त संख्येने गेलेली दिसली. गरीब घरातल्या मुलांना हे झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांना यातून उत्तर मिळतं.

तरी आयबी डिप्लोमा पूर्ण दोन वर्षांचा संसार आहे. अकरावी-बारावीत सहा विषय, त्यातले किमान तीन वरच्या पातळीचे. शिवाय ज्ञान म्हणजे काय यावर एक वेगळा विषय, ४००० शब्दांचा स्वतः शोधून लिहिलेला निबंध, आणि कला-व्यायाम-सेवेचं काम. प्रत्येक विषयाला ७ गुण, वर ३, एकूण ४५. डिप्लोमासाठी किमान २४ आणि इतर काही अटी. ज्या मुलीला लिहायला आवडतं, प्रश्न विचारायला आवडतं, तिच्यासाठी याच्यासारखी तालीम नाही. आम्ही भाषा शिकवतो म्हणून आमचा जीव त्या ४००० शब्दांच्या निबंधावर जडला आहे, हे वाचकांनी आमच्या मतातून वजा करावं! क्रेडिटाच्या हिशोबात मात्र बरीच कॉलेजं फक्त वरच्या पातळीच्या विषयांचं, तेही ५, ६ किंवा ७ गुणांवर, क्रेडिट देतात. सहा विषयांची मेहनत आणि तीनांचं क्रेडिट, असं होऊ शकतं.

तिसरी वाट कॉलेजच्या वर्गाची. शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचा विषय घ्यायचा. शिकागोत याचे दोन प्रकार आहेत. कॉलेजचा अभ्यासक्रम शाळेतच शाळेचे शिक्षक शिकवतात, ते ड्युअल क्रेडिट. मुलगी स्वतः कॉलेजात जाऊन मोठ्या मुलांबरोबर बसते, ते ड्युअल एन्रोलमेंट. सरकारी शाळांतील मुलांना सिटी कॉलेजेसमध्ये याची फी पडत नाही. मेची एकच निर्णायक परीक्षा नाही, वर्षभराच्या कामावर ग्रेड. राज्यातल्या राज्यात यातले सर्वसाधारण विषय बहुतेक चालतात, कारण इलिनॉयमध्ये शंभराहून जास्त कॉलेजांनी एकमेकांचे असे विषय मानण्याची व्यवस्था केलेली आहे. तिचं नाव आयएआय. विषय घेताना 'याला आयएआय कोड आहे का' एवढं विचारलं तरी अर्धी फिक्र मिटते.

मग डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने हेच घ्यावं ना, फुकट आहे आणि क्रेडिटही पक्कं? इथेच थांबून विचार करायला हवा, आणि हे सांगणारं कोणी भेटत नाही म्हणून आम्ही सविस्तर लिहितो.

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल. (बारावीनंतर लगेच मेडिकलची जागा देणारे थोडे जोडकार्यक्रम आहेत, पण तिथेही बहुधा पदवीची वर्षं आधी करावीच लागतात.) मेडिकलच्या बहुतेक अर्जांसाठी एएमसीएएस ही एकच सेवा आहे. ती कॉलेजचे सगळे ग्रेड मागवते, आणि 'सगळे' म्हणजे शाळेत असताना कॉलेजात घेतलेलेसुद्धा. सोळाव्या वर्षी रमतगमत घेतलेल्या रसायनशास्त्रात सी ग्रेड मिळाला, तर तो बाविसाव्या वर्षी मेडिकलच्या अर्जात सरासरीत धरला जातो. शाळेने पुसला तरी पुसला जात नाही. एपीत तसं नाही. परीक्षेत २ गुण पडले तर ते कॉलेजच्या ग्रेडांत कुठेच येत नाहीत, आणि गुण कॉलेजला पाठवायचे की नाही हेही बव्हंशी मुलीच्या हातात राहतं.

दुसरीही एक गोष्ट आहे. पुष्कळ मेडिकल कॉलेजं जीवशास्त्र-रसायनशास्त्रासाठी एपीचं क्रेडिट पुरेसं मानत नाहीत. कॉलेजात बसून केलेले विषय, प्रयोगशाळेसह, त्यांना हवे असतात. म्हणजे मेडिकलवाल्या मुलीने विज्ञानाची क्रेडिटं गोळा करून घाई करण्यात फारसा नफा नाही. इंग्रजी लेखन, इतिहास, मानसशास्त्र असे विषय आधी उरकले तर पैसाही वाचतो आणि पुढे विज्ञानाला वेळ मिळतो. विज्ञान शाळेत एपी म्हणून घ्यावं ते पाया पक्का होण्यासाठी.

या सगळ्या हिशोबातून त्या विद्यार्थिनीला आम्ही काय कळवलं? मुलगी घरी राहून सरकारी विद्यापीठात जाणार हे जवळजवळ ठरलेलं आहे, कारण फी आणि खोलीचं भाडं दोन्ही झेपणार नाही. तेव्हा अकरावीत दोन एपी घ्यावेत, एक रसायनशास्त्राचा आणि एक तिच्या आवडीचा. शिवाय कॉलेजचा एकच विषय, तोही तिची हमखास पकड असलेला. आयबी नाकारण्याचं आमचं कारण कुवत नाही. आई-बाप दोघंही संध्याकाळी कामावर असतात आणि धाकट्या दोन भावंडांचं जेवण-अभ्यास ही मुलगीच बघते. त्या ४००० शब्दांना लागणारी शांतता त्या घरात आज नाही. तिची आई हे वाचून जरा गप्प झाली. मग म्हणाली, संध्याकाळचं काम बदलून मागून बघते. ते बदललं तर आमचं उत्तरही बदलेल, आणि आम्हाला आनंद होईल.

मोहल्ल्यातल्या कोणाच्या मुलाने एका वर्षात सहा एपी घेतले, हे ऐकून आपलं गणित बिघडवू नये. प्रवेश देणारे पाहतात की शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं मुलाने किती पेललं. रात्री दोन वाजता झोपून सहा विषयांत ३ मिळवण्यापेक्षा तीन विषयांत ५ बरे.

आमच्या विषयाची एक गोष्टही सांगू द्या. एपीत फ्रेंच आहे, जपानी आहे, लॅटिनही आहे, पण उर्दू नाही, मराठीही नाही. त्यामुळे घरची भाषा या शर्यतीत कामाची नाही असं मुलांना वाटतं. पण इलिनॉयसह बहुतेक राज्यांत 'सील ऑफ बायलिटरसी' नावाची मोहोर बारावीच्या दाखल्यावर मिळते. इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेत वाचता-लिहिता-बोलता येतं हे परीक्षेने दाखवायचं. उर्दूसाठीही ती मिळू शकते, आणि इलिनॉयच्या कायद्याने सरकारी कॉलेजांना या मोहोरेचं रूपांतर भाषेच्या क्रेडिटात करण्याची सोय ठेवावी लागते. बोलता येणं पुरत नाही, नस्तालीक वाचता-लिहिता आलं पाहिजे. म्हणजे रोजची वीस मिनिटं अम्मीजवळ बसून. या एका विषयात समुपदेशकाची गरज नाही, शिकवणारी घरातच आहे.

तारखांचं एक ध्यानात ठेवा. एपीच्या परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतात. २०१९ मध्ये रमजान नेमका तेव्हाच सुरू झाला होता आणि मुलांनी रोजे ठेवून पेपर दिले. आता रमजान हिवाळ्याकडे सरकला आहे, पण बकरी ईद मेमध्ये येते आहे. २०२८ मध्ये ती मेच्या पहिल्या आठवड्यातच पडेल असा अंदाज आहे. ईदच्या दिवशी पेपर आला तर सण हे कारण मान्य आहे आणि नंतरच्या तारखेला परीक्षा देता येते, जादा फी न भरता. मात्र हे शाळेतल्या एपी समन्वयकाला आधी सांगावं लागतं. परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते, तेव्हाच कॅलेंडर काढून हे बोलून घ्यावं.