नाताळ कोरियातला: सण काहींचा, सुट्टी सगळ्यांची

२५ डिसेंबरच्या आसपास जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या वाढतात. कुणी शिवनेरीला, कुणी माळशेजला, कुणी मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला. यातल्या बहुतेकांच्या घरी नाताळ नसतो. सुट्टी असते, म्हणून ते निघालेले असतात.

दक्षिण कोरियात हेच देशभर घडतं. २०१५च्या जनगणनेत तिथल्या सुमारे २८ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं, तर ५६ टक्क्यांनी कुठलाच धर्म मानत नसल्याचं. तरीही नाताळ राष्ट्रीय सुट्टी आहे. शेजारच्या जपान आणि चीनमध्ये ती नाही.

मग कोरियातच का?

१९४५मध्ये जपानी राजवट संपली, दक्षिणेत अमेरिकी लष्करी प्रशासन आलं आणि त्याच्यासोबत ही सुट्टीही. पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री स्वतः मेथडिस्ट पंथाचे. १९४९मध्ये त्यांच्या सरकारने ती कायम केली. बौद्ध धर्म कोरियात दीड हजारांहून अधिक वर्षं आहे, पण बुद्धजयंतीच्या सुट्टीसाठी १९७५ उजाडावं लागलं. म्हणजे सुट्ट्यांची यादी ठरवताना लोकसंख्येपेक्षा सत्तेत कोण बसलंय, याला जास्त वजन होतं.

ती सुट्टी तरुणांची कशी झाली, ही गोष्ट जास्त रंजक आहे. १९४५पासून जानेवारी १९८२पर्यंत तिथे रात्रीची संचारबंदी होती. बराच काळ मध्यरात्री ते पहाटे चार घराबाहेर पडणं गुन्हा. २४ डिसेंबरची रात्र मात्र अपवाद असायची. चर्चला जाणारे चर्चला गेले, बाकीचे रस्त्यावर आले. पहाटेपर्यंत बाहेर राहायची मुभा मिळाल्यावर तरुण पोरं काय करणार?

संचारबंदी गेली, सवय राहिली. आजही तिथे नाताळ म्हणजे जोडप्यांचा दिवस: हॉटेलात जेवण, रोषणाई बघत फेरफटका, बेकरीतून आणलेला स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक. के-ड्रामातले बर्फ पडतानाचे ते प्रसंग अगदीच हवेतून आलेले नाहीत. एकट्या असलेल्यांची या दिवशी थोडी पंचाईतच होते. चर्चमध्ये अर्थातच प्रार्थना आणि गाणी असतात, आणि चौकात साल्व्हेशन आर्मीची लाल दानपेटी. ती प्रथा १९२८पासूनची.

घरी जायचे सण वेगळे: सोल्लाल हे चांद्र नववर्ष आणि शरदातला चुसॉक. जुन्नर-आंबेगावचे मुंबईकर गावच्या यात्रेला झाडून येतात, तसे कोरियन लोक या दोन सणांना गावाकडे निघतात. नाताळवर असा घरचा हक्क नाही, म्हणून तो मित्रमंडळींच्या वाट्याला आला.

२०२३मध्ये सरकारने आणखी एक नियम केला. नाताळ किंवा बुद्धजयंती शनिवार-रविवारी आली, तर बदली सुट्टी. यावेळी दोन्ही सणांना एकदमच. २०२७मध्ये २५ डिसेंबर शनिवारी येतोय. त्या नियमाने कोरियन लोकांना सोमवारीही सुट्टी. आपल्याकडे मात्र शनिवारी आलेली सुट्टी गेली ती गेलीच.