अर्धा घोडा आणि बेकेलाइटचा तुकडा

आमच्या आरमोरीचा मे महिना ज्याने काढला नाही, त्याला मोटारीच्या तापटपणाची खरी कल्पना यावयाची नाही. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतो. ४६ अंश म्हटले तरी इकडे कोणी भुवई उंचावत नाही. अशा उन्हात माणूस सावली धरून बसतो. मोटारीला ती सोय नसते.

यंदा ‘स्पेसर’ हा विषय शेजारच्या गुरुजींनी घरी आणून दिला. त्यांची कार्ब्युरेटरची गाडी पस्तीस वर्षांची. काकूंना उपचारासाठी महिन्यातून दोनदा नागपूरला न्यावे लागते. वाट ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड अशी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी दोनदा भर रस्त्यात बसली, आणि काकूंना तासभर बाभळीखाली बसावे लागले. गुरुजींच्या भाच्याने तोडगा सुचविला, “मामा, कार्ब्युरेटरखाली जाड स्पेसर टाकू. एंजिनाची ताकद वाढेल, पेट्रोल वाचेल, गाडी बंदही पडणार नाही. माझ्या नव्या गाडीलाही मी बसवणार आहे.” एका दगडात तीन पक्षी! गुरुजी मला म्हणाले, “ताकदीचे राहू द्या हो. हिला वेळेवर पोचवायचे आहे, तेवढे होईल का ते सांगा.”

स्पेसर म्हणजे हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यात घालावयाचा जाड तुकडा. चांगला असतो तो बेकेलाइटसारख्या पदार्थाचा. लिओ बेकलंड यांनी १९०९ साली पेटंट घेतलेले हे बेकेलाइट ॲल्युमिनियमच्या मानाने शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेते. पेट्रोलातले हलके भाग ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात आणि तापलेले एंजिन असते नव्वदच्या घरात. गाडी थांबली की पंखा थांबतो, पाणी फिरावयाचे थांबते, आणि साचलेली धग वर कार्ब्युरेटरकडे चढते. आतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते; मग चहा पिऊन आलेला मालक चावी फिरवून फिरवून दमतो. ही धग बेकेलाइटचा तुकडा खरोखरच अडवितो. म्हणूनच कित्येक जुन्या गाड्यांत तो कारखान्यातूनच घातलेला असे.

पण गुरुजींची गाडी चहाला थांबल्यावर रुसत नव्हती. ती चालता चालता बसत होती. हे दुखणे निराळे. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप एंजिनाच्या अंगालाच चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. नळीत किंवा पंपात वाफ झाली की पंप वाफच ओढीत राहतो. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या जमान्यातल्या ड्रायव्हरांना पंपावर ओला फडका टाकण्याची युक्ती पाठ होती, ती याचसाठी. कार्ब्युरेटरखाली कितीही जाड तुकडा घाला, त्याच्या अलीकडे झालेल्या वाफेला तो काय करणार?

मिस्त्रीने गाडीखाली शिरून पाहिले. पेट्रोलची नळी कधीतरी वाकून धुराच्या तापलेल्या नळकांड्याला जवळजवळ टेकली होती. त्याने ती दूर बांधली, रेडिएटरची जाळी साफ केली. मेअखेरच्या आणि जूनच्या आरंभीच्या दोन्ही फेऱ्या सुखरूप झाल्या. तरी ओला फडका डिकीत ठेवावा, असे मी गुरुजींना बजावले आहे.

आता ताकदीचे. हवा तापली की विरळ होते, हे खरेच. २७ अंशांच्या मानाने ४७ अंशांची हवा सुमारे सहा टक्के हलकी भरते. पण हवा मॅनिफोल्डमधून निमिषार्धात निघून जाते. भरधाव चालताना तिला तापावयास सवडच मिळत नाही. समजा, स्पेसरने ती पाच अंशांनी थंड राहिली, तरी लाभ दीड टक्क्याचा. चाळीस घोड्यांच्या एंजिनात फार तर अर्धा घोडा! आणि आमच्या थंडीतल्या सकाळी हीच धग उपकाराची असते. तिच्यावाचून पेट्रोलची नीट वाफ होत नाही.

भाच्याच्या नव्या गाडीत तर हा प्रश्नच उरत नाही. तिचा पंप टाकीत पेट्रोलातच बुडालेला असतो, पेट्रोल दाबाखाली येऊन झडपेजवळ फवारले जाते, म्हणून नळीत सहसा उकळत नाही. मॅनिफोल्डही बहुधा प्लॅस्टिकचा, म्हणजे तो स्वतःच उष्णतेला अडसर. वर आणखी चकती घालणे म्हणजे छत्रीवर छत्री धरणे. वाट अर्ध्या इंचाने लांबली म्हणून ओढ वाढली, असे रोजच्या फेऱ्यांत जाणवणारही नाही.

उलट सांधा वाढला की हवा फुटावयाची जागा वाढते. पॅकिंग नीट बसले नाही तर चोरटी हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, एंजिन ठसकते आणि पुढे झडपा जळतात. अर्धा घोडा मिळवावयास जावे आणि सबंध तबेला गमवावा, अशातली गत!

तरीही कोणाला हौस असेलच, तर टाकी काठोकाठ भरून त्याच रस्त्याने, तेवढ्याच ओझ्याने, जाऊन-येऊन तीन-चार फेऱ्या स्पेसरवाचून आणि तितक्याच स्पेसर घालून कराव्यात, आणि पेट्रोल वहीत मांडावे. नवी वस्तू बसविली की गाडी पहिले आठ दिवस हलकी धावते, असे प्रत्येक मालकाला वाटते. पण वहीला तसे वाटत नाही.