मातृत्वाचा खर्च कोणाच्या खातीं?

मातांनीं एकत्र येऊन सरकारापाशीं कांहीं मागावें, असें कोणीं म्हटलें कीं आमच्या वर्गांतील पुष्कळ सद्गृहस्थांच्या कपाळास आठ्या पडतात. मूल ज्याचें त्यानें वाढवावें, त्यांत सरकारचा काय संबंध, असा त्यांचा सवाल असतो. सवाल करणाऱ्याच्या घरीं बहुधा आजी असते, नाहीं तर मूल सांभाळावयास एखादी बाई येते. त्या बाईचें मूल त्या वेळीं कोठें असतें, हें त्यांनीं कधीं विचारलेलें नसतें. (आम्हींही पुष्कळ वर्षें विचारलें नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.)

आम्ही पूर्वीं ज्या महाविद्यालयांत होतों, तेथें तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एक बाई बाळंत झाल्या. जितके तास तितके पैसे, असा तो व्यवहार. त्यांत रजेचा उच्चार कोणी करीत नाहीं. पुढील सत्रांत त्यांचे तास दुसऱ्यास दिले गेले. त्यांस कोणीं काढलें नाहीं. बोलावलें नाहीं, इतकेंच. आम्ही सारे शिक्षकांच्या दालनांत चहा पीत होतों, आणि आमच्यापैकीं एकानेंही ब्र काढला नाहीं.

पदवीधर स्त्रीची ही गत, तर ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रीची काय असेल? नवराबायको मिळून तेथें एक ‘कोयता’ होतो. उचल आधींच घेतलेली असते आणि खाडा पडला कीं दंड बसतो. गरोदरपण हा तेथें मोठा खाडाच होय! २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं राज्य सरकारास समिती नेमावी लागली, ही गोष्ट ‘हा घरगुती प्रश्न आहे’ म्हणणारांनीं एकदां शांतपणें आठवावी.

बरें, ही मागणी परकी म्हणावी, तर मुंबई इलाख्यानें प्रसूति-लाभाचा कायदा १९२९ सालींच केला होता. त्याच्या आदल्या वर्षीं कायदे कौन्सिलांत या बिलास पाठिंबा देतांना डॉ. आंबेडकरांनीं, मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें असल्यामुळें त्याचा भार मुख्यतः सरकारनें उचलावा, असें प्रतिपादिलें होतें. त्याहीपूर्वीं, १९१९ सालीं, वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें हा पैसा सार्वजनिक निधींतून किंवा विम्यांतून द्यावा असें ठरविलें होतें. आम्हीं काय केलें? २०१७ सालीं रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसांवर नेली, पन्नास वा अधिक नोकर असतील तेथें पाळणाघर सक्तीचें केलें, आणि राज्य विमा योजनेखालीं येणाऱ्या स्त्रिया वगळल्यास सारा खर्च मालकाच्या गळ्यांत बांधला. उदारपणा सरकारचा, पैसा दुसऱ्याचा! मग तरुण विवाहित स्त्रीचा अर्ज हातीं येतांच मालक मनांतल्या मनांत हिशेब करूं लागतो, यांत नवल तें कोणतें? मालकाच्या नीतिमत्तेस दोष देऊन हा हिशेब मिटणार नाहीं. कायद्यानेंच तो त्याच्यापुढें मांडला आहे.

आणि ज्यांस मालकच नाहीं त्यांचें काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सरकारी नोकरींत नसलेल्या गरोदर स्त्रीस कमींत कमी सहा हजार रुपयांचें वचन दिलें. २०१७ च्या योजनेंत त्याचे पांच हजार झाले, तेही पहिल्या अपत्यापुरते. २०२२ पासून दुसऱ्या वेळीं सहा हजार मिळूं लागले, पण मुलगी झाली तरच! मुलगा झाला म्हणून बाळंतिणीस दूधतूप कमी लागतें काय?

मातांच्या संघटनेंत राजकारण शिरेल, असें भय घालणारांस १९७२-७३ ची मुंबई दाखवावी. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागून चाळींतल्या गृहिणी लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या. पक्ष निरनिराळे होते; तेलाचा डबा मात्र सर्वांचा रिकामा होता. राजकारण होतेंच, आणि असावयासच हवें होतें. तेलासाखरेसाठीं जें शोभलें, तें पाळण्यासाठीं न शोभावयास काय झालें?

आमच्या वाचकांच्या घरांतील महिला मंडळें अद्याप जिवंत आहेत. येत्या संक्रांतीस हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्याऐवजीं वॉर्डांत नगरपालिकेनें दिवसभराचें पाळणाघर उघडावें, असा अर्ज त्यांनीं सह्यांसाठीं फिरवावा. पहिली सही घरकामास येणाऱ्या बाईची असावी, आणि तिचें मूल सकाळीं सातापासून कोठें असतें, हें अर्जांत तिच्याच शब्दांत लिहावें.