उतार किती? आधी सांगा, कुठे?

बालमित्रांनो, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? सहलीला गेला असाल, तर कडेवरून खाली डोकावताना पोटात कसा गोळा येतो ते आठवत असेल. अवकाशातून आलेला पाषाण बेसॉल्ट खडकावर आदळून झालेला हा प्रचंड खड्डा! सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. तळाशी खारं सरोवर आणि सरोवराकाठी कमळजादेवीचं देऊळ.

समजा, आजीला देवीच्या दर्शनाला खाली जायचंय. तिचे गुडघे दुखतात. म्हणून ती वरच थांबून विचारते, "बाळा, उतार किती आहे रे?" काय सांगाल तिला?

हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण कागदावर एक लोणार काढू. खऱ्या विवराच्या भिंती याहून उभ्या आहेत आणि तळ बराच सपाट आहे. आपलं कागदी लोणार मात्र गुळगुळीत, कोरड्या वाटीसारखं. मध्यापासून कडेपर्यंत 900 मीटर, खोली 150 मीटर. मध्यापासून x मीटर अंतरावर जमिनीची तळापासूनची उंची x² ÷ 5400 मीटर. x च्या जागी 900 घालून बघा, बरोबर 150 येतात.

आता कुणी हुशार मुलगा म्हणेल, "त्यात काय! 900 मीटर चालायचं, 150 मीटर उतरायचं. म्हणजे दर 6 मीटरला 1 मीटर उतार." गणित बरोबर आहे. पण आजीने त्यावर भरवसा ठेवला, तर पहिल्याच पावलाला ती घाबरेल. कारण कडेजवळ उतार याहून खूप जास्त आहे!

मोजूनच पाहू. कडेपासून 90 मीटर आत गेलं, की आपण 28.5 मीटर खाली येतो. भागाकार केला की उतार सुमारे 0.317. पण या 90 मीटरांतही उतार बदलतोच ना? मग फक्त 10 मीटर जाऊ. उतार सुमारे 0.331. नुसता 1 मीटर गेलो, तर 0.333. पाऊल जितकं लहान करावं, तितकं उत्तर एकतृतीयांशाच्या जवळ सरकतं. म्हणजे अगदी कडेवर उतार आहे 1/3. दर 3 मीटरला 1 मीटर! आजीला इथे हात द्यायलाच हवा.

हीच युक्ती मध्यापासून 450 मीटरवर केली, तर उतार येतो 1/6. अगदी मध्यावर येतो शून्य. गंमत बघा, हुशार मुलाचं 1/6 हे उत्तर त्या संपूर्ण वाटेवर नेमक्या एकाच ठिकाणी खरं ठरतं!

मग प्रत्येक ठिकाणी नव्याने मोजत बसायचं का? नाही. या सगळ्या उत्तरांना एकच नियम लागू पडतो: उतार = x ÷ 2700. जागा सांगा, उतार घ्या. उंची सांगणारं एक फलन आपल्याकडे होतंच, त्यातून उतार सांगणारं दुसरं फलन निघालं. यालाच म्हणतात डेरिव्हेटिव्ह, मराठीत अवकलज. म्हणजे तो एक आकडा नव्हे. प्रत्येक "कुठे?" चं उत्तर देणारी ती अख्खी वही आहे. आलेख काढला तर उंचीचा येतो वाटीसारखा वाकडा आणि उताराचा येतो सरळ रेषेत.

अकरावी-बारावीतले ताई-दादा "x² चं 2x" असं घोकताना तुम्ही ऐकलं असेल. आपल्या नियमातही तेच लपलंय: 2x ÷ 5400 म्हणजेच x ÷ 2700. आईबाबांनो, मुलं हे घोकत असतील तर एकदाच विचारा, "हे 2x नेमकं काय सांगतं रे?" उत्तर आलं नाही तर रागावू नका. वाटी आणा आणि तिच्या कडेवरून बोट फिरवायला सांगा.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. 1114 साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ग्रहांच्या 'तात्कालिक' गतीचा, म्हणजे त्या त्या क्षणीच्या गतीचा विचार केला. दिवसभराची सरासरी त्यांना पुरेशी वाटली नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे गावी सापडला. पुढे सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी या गणिताचं पूर्ण शास्त्र उभं केलं. आणि 1797 साली लाग्रांज या गणितज्ञाने आपल्या पुस्तकात या दुसऱ्या फलनाला 'मूळ फलनातून निघालेलं फलन' अशा अर्थाचं नाव दिलं.

तर आजीला काय सांगाल? "आजी, सुरुवातीला माझा हात घट्ट धर. अर्ध्या वाटेवर निम्मा उतार उरेल, आणि खाली तर सपाटच आहे."

आता तुमची पाळी. वाटी पालथी घाला, म्हणजे झाली टेकडी. सर्वांत वर उतार किती? सर्वांत जास्त उतार कुठे? आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी? वही-पेन्सिल घ्या आणि लागा कामाला!