दहाच्या पुढें

ज्यास आपण सिंगलबार म्हणतों, ती आडवी दांडी व्यायामाच्या साधनांत दिसावयास सर्वांत साधी. दोन खांब व त्यांवर एक लोखंडी गज, इतकाच तिचा संसार. मुखेडसारख्या तालुक्याच्या गांवीं तरुणांचा तिच्याशीं परिचय बहुधा सैन्यभरतीच्या निमित्तानेंच होतो. दहा वेळां हनुवटी दांडीच्या वर नेली कीं पूर्ण गुण पदरांत पडतात. अकराव्या वेळेस कोणी विचारीत नाहीं. पोटापाण्यासाठीं घाम गाळणें कमीपणाचें नव्हे. परंतु दांडीची खरी विद्या दहाच्या पुढें सुरू होते.

ही विद्या झोक्याची आहे. जर्मनींत यान नांवाच्या शिक्षकानें 1811 सालीं बर्लिनजवळ खुली व्यायामशाळा काढली. तेथें हिला मानाचें स्थान मिळालें, आणि 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें हिची स्पर्धाहि झाली. स्पर्धेचा गज पोलादी, अवघा 28 मिलिमीटर जाड. खेळाडूच्या भारानें तो लवतो व उसळी देतो. त्या उसळीवर खेळाडू दांडी सोडून हवेंत उलटतो आणि पुन्हा तीच पकडतो. बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब आपल्याला मिठी मारावयास शिकवितो. ही दांडी सोडावयास शिकविते. दोन्ही विद्या एकाच मैदानावर सुखानें नांदतील.

मात्र सोडावयाचें म्हणजे कधीं पडावयाचेंहि. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें जपानचा ओका व कोलंबियाचा 17 वर्षांचा बाराहास यांचे गुण 14.533 असे समान झाले. सफाईच्या जोरावर ओकास सुवर्णपदक मिळालें. कांस्यपदक दोघांस विभागून गेलें, आणि त्यांतला एक दांडीवरून पडून पुन्हा चढलेला होता! पडल्याबद्दल एक गुण वजा होतो, इतकेंच. पण त्यांच्याखालीं जाड गाद्या होत्या. आमच्याकडे बारखालीं पुष्कळदां कठीण मुरूम असतो. त्यावर पडणाऱ्याचा गुण जात नाहीं, मनगट जातें. मग मुलगा लोंबकळतो, दहा मोजतो व उतरतो. त्यास भित्रा म्हणणें अन्यायाचें होईल.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शाळांनीं नवा बार उभारण्याआधीं खालची जमीन पाहावी. हातभर खणून मऊ वाळू भरावी, पावसाळा सरतांच ती उकरून मोकळी करावी, आणि झोका घेणाऱ्याशेजारीं जाणता शिक्षक उभा असावा. हवेंतील कोलांट्या गाद्यांवांचून कोणी करूं नयेत. परंतु साधा झोका, गुडघ्याचा फेरा व नीट उतरणें एवढें वाळूवर शिकतां येईल. आणि हें शिक्षण भरतीच्या उमेदवारासाठीं राखून न ठेवतां आठवीच्या मुलापासून सुरू करावें.